नळीचं दुसरं टोक

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

विम्याच्या एजंटने जानेवारीत दिलेली डायरी आज सापडली. कोरी. आजपासून रोज लिहिणार.

निमित्त मंगलाचं. श्रीखंड वाढताना म्हणाली, अहो, तुम्हाला हल्ली कशाचंच काही वाटत नाही. विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, परवा चंदाच्या हातून लादी पुसताना काचेचा जग फुटला आणि तुम्ही फक्त पाय वर घेतलेत. बरोबरच केलं. काच पायालाच लागते.

ऑफिसात यंदाचं प्रमोशन भावेशला मिळालं. तो माझ्यापेक्षा बराच ज्युनियर. त्याचा पेढा मी खाल्ला. ताजा होता. अशाला स्थितप्रज्ञ म्हणतात, पण बायकोला कोण सांगणार.

तरी तिला दाखवून द्यायचं ठरवलं आहे. संकल्प: डिसेंबरात मुंबईला कॉमिक आणि चित्रकथावाल्यांचं मोठं कन्व्हेन्शन आहे. तिथे जायचं. नुसतं बघायला नाही. वेश करून, म्हणजे कॉस्प्ले. मी ‘उल्कादल’मधला सरदार उल्केश. विश्वनाथ तमिस्र. विश्वनाथला अजून सांगितलेलं नाही, पण तो नाही म्हणणारच नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

ही डायरी फक्त माझ्यासाठी आहे. तरी फाईलला पार्श्वभूमी हवी, ही नोकरीची सवय.

‘उल्कादल’ ही आमच्या लहानपणची चित्रकथा. अकरा अंक निघाले, मग छापखाना बंद पडला. विश्वनाथ आणि मी रत्नागिरीला एका बाकावर. दोघांना सगळे अंक पाठ. अकराव्यात सरदार उल्केश आणि त्याचा हाडवैरी तमिस्र एका उजाड चंद्रावर कोसळतात. हवेची टाकी एकच, उल्केशच्या छातीवर. तिच्यातून निघालेल्या नळीचं दुसरं टोक तमिस्रच्या छातीला. वैरी वैरीच, पण एकाने नळी ओढली तर दोघे मेले. पाठीला पाठ लावून उभे राहतात. क्रमशः. बारावा अंक आलाच नाही. आम्ही दोघांनी वर्षभर दुकानात रोज विचारलं.

विश्वनाथ आता ठाण्याला, बँकेतून रिटायर. बऱ्याच वर्षांत भेट नाही, पण संपर्क अखंड आहे. रोज सकाळी त्याच्याकडून सुप्रभातचं फूल येतं.

त्याला सविस्तर मेसेज पाठवला. चार परिच्छेद, सोबत पोशाखाचे मुद्दे. उत्तर आलं: अंगठा. विश्वनाथ मूळचा मितभाषी. अंगठा म्हणजे फायनल.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

मापं घेतली. चित्रातल्या उल्केशची कंबर आणि माझी कंबर यांत तफावत आहे. चित्रकाराने अतिशयोक्ती केली असणार. तरी उद्यापासून दमणगंगेच्या पुलापर्यंत चालायला जायचं. रोज.

८ ऑक्टोबर.

बूट ओले होते.

१२ ऑक्टोबर, रविवार.

आजपासून प्रत्यक्ष काम. खालच्या मजल्यावरचा भगवंत दोऱ्याच्या कंपनीत आहे. नंदुरबारकडचा, सालस माणूस. त्याला म्हटलं, दोरा गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन हवेत, वाया गेलेले. म्हणाला, काका, पाहिजे तेवढे घ्या ना, कंपनीत ढीग पडेल राहतो. पोतंभर घेऊन आला. मग विचारलं, पण काका, कशाले? मी चिलखताची कल्पना समजावली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, गणपतीत केलं असतं तर मंडळाने स्टेज दिला असता.

मंगलाही म्हणाली, म्हणजे आमच्या शाळेत फॅन्सी ड्रेस असतो तसंच ना? गेल्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलाला टोमॅटो केला होता, तो स्टेजवर रडला. मी तिला फरक सांगितला. फॅन्सी ड्रेसमध्ये मुलाला आई टोमॅटो करते. कॉस्प्लेमध्ये माणूस स्वतःहून, विचारपूर्वक, प्रौढ वयात टोमॅटो होतो. उदाहरण थोडं चुकलं. ती वह्या तपासत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी.

विश्वनाथचं ग्रीटिंग आलं. पणतीचं चित्र, खाली ‘विश्वनाथ व परिवार’. वरवर पाहता फॉरवर्ड. पण नीट पाहिलं तर पणतीच्या मागची बाजू पूर्ण काळी आहे. तमिस्रचा रंग काळा. तयारी चालू आहे, हे सांगायची त्याची पद्धत.

चकल्या खाल्ल्या. चालणं फराळ संपल्यावर. मधेच सुरू केलं तर शरीर गोंधळतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

नळीचा प्रश्न सुटला. वॉशिंग मशीनचं पाणी सोडायची करड्या रंगाची नळी. अंकातल्यासारखीच वळ्यावळ्यांची. काढून घेतली. एक टोक माझ्या टाकीला कायमचं बसवलं. दुसऱ्या टोकाला हूक, तो विश्वनाथच्या छातीवरच्या कडीत अडकेल. कडी कुठे शिवायची ते आकृती काढून त्याला पाठवलं.

संध्याकाळी मंगलाने मशीन लावलं. बाथरूममधून पाणी हॉलपर्यंत. मी पाय वर घेतले. ती फडकं घेऊन आली. म्हटलं, डिसेंबरपर्यंत बादली लावू.

२ नोव्हेंबर, रविवार.

चित्रातल्या टाकीत प्राणद्रवाच्या सहा कुप्या दिसतात, निळ्या. चपट्या, रुंद, हुबेहूब क्वार्टरच्या बाटलीसारख्या. आमली भागातल्या भंगारवाल्याकडे या बाटल्यांचा डोंगर आहे. आपल्या केंद्रशासित गावात दुसरं काही मिळो न मिळो, दारू मिळते. सहा निवडल्या, लेबलं खरवडली, धुतल्या, कपड्यांची नीळ पाण्यात कालवून भरल्या. फारच सुंदर दिसतात. चित्रापेक्षा सरस.

भगवंत जिन्यात भेटला. म्हणाला, काका, ह्या बाटल्या वापीले नका नेऊ बरं. हद्दीच्या नाक्यावर चेकिंग राहतं, तिकडे दारूबंदी. माझ्या साडूले त्यांनी रिकाम्या बाटलीसाठी दुपारपर्यंत बसाडलं. मी हसलो. इतकी वर्षं प्रशासनात काढली आहेत. म्हटलं, भगवंत, कायदा दारूला असतो, निळीला नसतो.

९ नोव्हेंबर, रविवार.

विश्वनाथला फोन केला. चांगलं बोलणं झालं. गुडघ्याचं सांगितलं, नातवाच्या स्केटिंगचं सांगितलं, पार्किंगवरून सोसायटीत भांडण आहे तेही सांगितलं. मग मी विचारलं, झगा कुठवर आला? तो हसायला लागला. खूप वेळ हसला. शाळेत हसायचा तसाच. म्हणाला, अरे तू म्हणजे ना! आणि कुकरची शिटी झाली म्हणून ठेवला.

‘नाही’ हा शब्द संपूर्ण संभाषणात एकदाही आला नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

कन्व्हेन्शनच्या वेबसाइटवर ‘जोडी’ या गटात दोघांचं नाव घातलं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

मंगला दुपारी अंक अकरा वाचत बसली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. वाचून झाल्यावर म्हणाली, छान आहे हो, शेवटी वाईट वाटतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, भावजींचं काही जमलं नाही तर तमिस्र बाई असली तर चालेल का? कार्यक्रम रविवारी आहे, मला सुट्टीच असेल. माझी काळी साडी आहे, त्याचा झगा होईल.

मी समजावलं. तमिस्रचे खांदे रुंद आहेत. शिवाय तो उल्केशचा आयुष्यभराचा वैरी आहे, तसं नातं हवं. ती म्हणाली, तेवढं तर आहेच. विनोद केला असावा. म्हटलं, विश्वनाथ येतो आहे, प्रश्नच उद्भवत नाही. तिने अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा होता तिथे ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार.

पूर्ण पोशाखात ट्रायल. निष्कर्ष: बसता येत नाही. वाकता येत नाही. डावीकडचं दिसत नाही. बाथरूमच्या दारातून आडवं जावं लागतं. बाकी उत्तम.

गच्चीवर नळी लोंबत ठेवून दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत नळीवर पाय पडला आणि मी पाण्याच्या टाकीवर आपटलो. खांद्याचा एक कोन चेपला. लागलं असावं, निळं झालं आहे. एकट्याने नळी सांभाळणं अवघडच. ती दोघांसाठी आहे.

ऑफिसात बातमी कशी पोचली कळत नाही. परवा भावेश म्हणाला, श्रीकांतभाई, नवरात्री तो पती गई! म्हणजे नवरात्र तर संपलं. सगळे हसले. मीही हसलो. काही वाटलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार.

बाटल्यांसाठी दाखला तयार केला. ‘प्रमाणित करण्यात येते की सोबतच्या सहा बाटल्यांतील द्रव हा नीळ असून तो पिण्यायोग्य नाही.’ खाली माझी सही, आणि सही माझीच असल्याबद्दल पुन्हा माझी सही. भगवंतला दाखवला. त्याने कपाळाला हात लावला. खान्देशी लोकांचा कागदावर विश्वास कमी.

विश्वनाथला गाडीची वेळ, भेटायचं ठिकाण आणि ‘गुडघ्याला पट्टा झग्याच्या आतून बांध’ हे कळवलं.

११ डिसेंबर, गुरुवार.

मेसेजला एकच टिक आहे. शनिवारपासून सुप्रभातचं फूलही नाही. फोन बंद ठेवून शिवत बसला असणार. त्याचं असंच. दहावीलाही परीक्षेआधी आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता आणि पहिला आला.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ, वापी स्टेशन.

ठरलेली गाडी गेली. कारण लिहून ठेवतो, म्हणजे विश्वनाथला नीट सांगता येईल.

शेअरच्या व्हॅनमध्ये दोन थैले घेऊन बसलो. नाक्यावर हवालदाराने थैला हलवला. बाटल्या वाजल्या. काका, आ शुं छे? मी लगेच दाखला काढून दिला. तिथेच घात झाला. त्याने तो दोनदा वाचला आणि साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, इतकी वर्षं इथे उभा आहे, पण दारू नाही याचं सर्टिफिकेट घेऊन कोणी आला नाही. ज्याच्याकडे काही नसतं तो कागद कशाला करेल? व्हॅनवाला बाकीचे प्रवासी घेऊन निघून गेला.

एक बाटली उघडली. साहेबांनी वास घेतला, हवालदाराने घेतला, चहावाल्यालाही दिला. नीळ ठरली. मग म्हणाले, ठीक छे, पण हे बाकीचं काय? मी म्हटलं, पोशाख. तर म्हणे, पहेरीने बतावो.

घातला. नाक्यावर, रस्त्याच्या कडेला, संपूर्ण. तेवढ्यात कंपनीची शिफ्ट सुटलेल्या लोकांची बस थांबली. सगळे उतरले. फोटो. ट्रकवाले उतरले. फोटो. एक बाई पोराला माझ्या हातात देऊन लांब गेली, फोटो. कोणी विचारलं, कोणत्या पिक्चरचं शूटिंग? हवालदाराला नळी फार आवडली. तो तिचं मोकळं टोक आपल्या छातीला लावून माझ्याशेजारी उभा राहिला. मी स्पष्ट सांगितलं, ते टोक राखीव आहे. त्याने लगेच सोडलं. समजूतदार माणूस.

जाताना साहेबांनी सहाही बाटल्या गटारात ओतायला लावल्या. नियम म्हणाले. रिकाम्या बाटल्या तिथेच ठेवून घेतल्या, तोही नियम. आता प्राणद्रव नाही. पण टाकीचं झाकण लावलं की कळत नाही.

विश्वनाथचा फोन लागत नाही. किंवा माझाच लागत नसेल, स्टेशनवर रेंज कमी आहे. बिचारा दारात काळ्या झग्यात ताटकळत असेल. त्याच्या गुडघ्याची काळजी वाटते.

तोच दिवस, संध्याकाळ. परतीची गाडी.

दुपारी पोचलो. दारात विश्वनाथ नव्हता. आत गर्दीत असेल म्हणून कपडे बदलायच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे पत्र्याच्या चिलखतातला एक गृहस्थ तोंडावरची जाळी वर करून इडली खात होता. तो डेंटिस्ट निघाला. मागे तीन डोकी असलेला मुलगा, त्यातलं मधलं खरं.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. तिथे कोणी हसत नव्हतं. कोणी विचारत नव्हतं की कशासाठी. कोणाचा पट्टा सुटला तर अनोळखी माणूस गुडघ्यावर बसून चिकटपट्टी लावून देत होता आणि नाव न सांगता पुढे जात होता. माझा चेपलेला खांदाही असाच कोणीतरी नीट केला. माझ्या वयाचेही पुष्कळ होते. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, डोळ्यांत आपापला अंक अकरा घेऊन आलेले. मला क्षणभर रडू येईल असं वाटलं. शिरस्त्राणात नाक पुसता येत नाही म्हणून आवरलं.

एक मुलगी आली, तेजस्विनी, कल्याणची. पाठीला थर्मोकोलचे पंख, त्यामुळे तिलाही बसता येत नव्हतं. म्हणाली, काका, हे कोण? मी पहिल्या अंकापासून सांगितलं. ती सगळं ऐकत राहिली. मधे प्रश्नही विचारले आणि बरोबर विचारले. शेवटी म्हणाली, मग नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? म्हटलं, माझा मित्र, येतोच आहे. ती म्हणाली, तोपर्यंत मी धरू का? तुमचा पाय अडकतोय. मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

स्टेजवरून नाव पुकारलं. उल्केश आणि तमिस्र. मी जाऊन सांगितलं, तमिस्र वाटेत आहे, थोडं पुढे ढकला. त्यांनी ढकललं. पुन्हा पुकारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा संयोजक मुलगा खाली येऊन फार गोड बोलला. अंकल, एकटे या ना, आम्ही वैयक्तिक गटात घेतो, सगळे टाळ्या वाजवतील. मी त्याला अकराव्या अंकातली परिस्थिती समजावली. एकट्याने स्टेजवर जाऊन उल्केश नळी कोणाला दाखवणार? तो म्हणाला, बरोबर आहे अंकल. पुढच्या जोडीला बोलावलं.

मग मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. नळी हातावर गुंडाळून घेतली, लोकांचा पाय पडू नये म्हणून. उजव्या बाजूने येणारे सगळे दिसत होते. डावीकडून आला असता तर कळलं नसतं, म्हणून मधून मधून पूर्ण वळत होतो. सगळे जाईपर्यंत थांबलो. तेजस्विनी जाताना हात हलवून गेली.

विश्वनाथला पुन्हा फोन केला नाही. त्याला उगीच अपराधी वाटलं असतं. गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला असणार.

गाडीत जागा आहे. शेजारच्या सीटवर शिरस्त्राण ठेवलं आहे. एकाने विचारलं, कोणी आहे का इथे? मी हो म्हटलं.

१५ डिसेंबर, सोमवार.

रजा टाकली. नळी मशीनला परत बसवली. कोनांचं चिलखत माळ्यावर.

मंगला दुपारी शाळेतून आली. जेवायला बसलो. विचारलं, भावजी भेटले का?

म्हटलं, भेटला की.

खोटं म्हणता येणार नाही. तो आला असता तर भेटलाच असता. तिला सगळं सविस्तर सांगत बसण्यापेक्षा हे सुटसुटीत.

पण ती थांबेना. झगा कसा होता? म्हटलं, सॅटिनचा, जमिनीपर्यंत, काठाला चंदेरी. गुडघा? म्हटलं, अजिबात नाही दुखला, जिना चढून आला. ओळखलं का लगेच? म्हटलं, लांबूनच हाक मारली. नळी जोडलीत? म्हटलं, जोडली. हूक एका फटक्यात बसला. स्टेजवर दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिलो. त्याची पाठ गरम लागत होती, पुठ्ठ्यातूनसुद्धा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मंगलाने सगळं ऐकून घेतलं. मधे हसली नाही. जेवायचीही थांबली होती. मग माझ्या ताटात आमटी वाढत म्हणाली, काल तुम्ही निघालात आणि तासाभराने भावजींचा मला फोन आला होता. तुमचा लागत नव्हता. त्यांचा मोबाइल आठवडाभर दुरुस्तीला होता. तुमचे मेसेज त्यांनी कालच वाचले. म्हणाले, वहिनी, मला वाटलं होतं तो थट्टा करतोय. नातवाची स्पर्धा आहे, मी काही येत नाही, त्याला सांगा रागावू नको म्हणून.

थोडा वेळ दोघंही जेवलो.

मी म्हटलं, मग फोन करून झाल्यावर निघाला असेल.

ती म्हणाली, निघाले असतील. आणि भात घेणार का म्हणून विचारलं.